वजा चार

शहाद्यातला मार्च. प्रयोगशाळेच्या खिडक्यांना काळं कापड,
झुलालने खिळे ठोकून ताणलेलं.
सोडियमचा दिवा आधी गुलाबी होतो,
पिवळा व्हायला दहा मिनिटं घेतो.
झुलाल म्हणतो, "तपू द्या सर. घाई करनारा दिवा खोटं बोलस."

दिव्यापुढे उसाच्या साखरेची नळी,
वीस सेंटिमीटर, दोन्ही टोकांना काच,
आत बुडबुडा नको.
उजेड शिरतो तो एकाच पातळीत थरथरत,
कंगव्यातून गेलेल्या केसासारखा,
बाहेर येतो तेव्हा उजवीकडे कललेला,
दारातून जाताना कुणी खांदा धरून वळवावं तसा.

साखरेला डोळे नाहीत.
तरी तिला उजवं कळतं.

पोरांना सांगतो: कार्बनला चार हात,
चारही हातांत वेगळं वेगळं काही,
मग तो आणि आरशातला तो
कसेही फिरवा, एकमेकांवर बसत नाहीत.
पटत नसेल तर दाराशी जा,
डाव्या पायात उजवी चप्पल घालून बघा.
सगळे हसतात.
रिंकी पावरा हसत नाही.
ती धडगावची, डावखुरी.
वसतिगृहाच्या पंगतीत तिच्या हातावर पळी बसलीय,
हे मला झुलालकडून कळलं, तेही उशिरा.

आज तिचा प्रयोग:
साखरेच्या पाण्यात आम्ल, आणि वाट बघणं.
ती डाव्या हातानं घुंडी फिरवते,
गोलाचे दोन्ही अर्ध सारखे अंधुक झाले की थांबते,
आकडा मोठ्यानं वाचते.
तेरा.
नऊ.
चार.
मग बराच वेळ काही नाही, आणि:
"सर, शून्य. साखर संपली का?"

नाही संपली.
शून्य दोन जातींचं असतं, रिंकी.
एकात वळवणारं कुणी नसतंच. साधं पाणी घे.
किंवा पिकल्या केळीचा वास,
रावेरहून ट्रकच्या ट्रक भरून निघतो तो;
त्या वासाला डावं-उजवं नाही,
आरशातही तो तोच.
दुसऱ्या शून्यात दोघं ओढत असतात,
सारख्याच जोरानं, उलट्या दिशांना,
आणि मधून उजेड सरळ जातो
नि बाहेर येऊन सांगतो, आत सगळं शांत आहे.

(आमच्या घरी असंच होतं.
अण्णा आणि माई सतरा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत.
पाहुणे म्हणत, काय निवांत घर आहे.
हे मी वर्गात सांगत नाही.)

तर उरलेली साखर उजवीकडे ओढतेय,
ग्लुकोजही उजवीकडेच,
डावीकडे एकटं फ्रुक्टोज.
"एकटं?" ती विचारते.
एकटं. आणि थांब जरा,
ते दोघांना पुरून उरतं.

वजा एक.
वजा तीन.
साडेबाराला, वजा चार.
पुढे हलत नाही.

मध्येच तिला दोन बाटल्या हुंगायला दिल्या होत्या.
एक शहाजिऱ्यातला अर्क, एक पुदिन्यातला.
रेणू एकच, फक्त आरसा मध्ये.
तिनं आलटून पालटून चारदा हुंगलं,
म्हणाली, "मग नाकात पण चपला आहेत, सर."
पंचवीस वर्षांत हे वाक्य मला सुचलं नाही.

आता ती वहीत निष्कर्ष लिहितेय,
लिहिलेल्यावरून तिचा हात सरकत जातो,
शाई तळव्याच्या कडेला लागते,
वजाचं चिन्ह फराटा होऊन समासापर्यंत गेलंय.
पुन्हा लिही, असं म्हणणार होतो.
नाही म्हणालो.

उलटलेली साखर मूळ साखरेपेक्षा गोड असते,
हे सांगायचं राहूनच गेलं.
तोवर झुलालने दिवा बंद केला, कापड काढलं,
आणि बाहेरचं ऊन भसकन आत आलं,
कुठल्याच एका पातळीत न थरथरणारं,
सगळ्या बाजूंनी.
रिंकीनं डोळ्यांवर हात धरला.
डावा.
शाईचा.